बोटभर कमी

जांबोटीहून पहिल्या बसनं आले भैरू हुंदरे,
पोत्यात गुंडाळलेली बंदूक मांडीवर आडवी.
कंडक्टरनं म्हणे तिचंही अर्धं तिकीट मागितलं.
उद्यमबागच्या आमच्या शेडमध्ये
लेथखाली कुत्री निजलेली,
आप्पा बशीतल्या चहावर फुंकर घालत.

पोतं उकललं. तेलाचा, धुराचा, कणगीतल्या भाताचा वास.
बंदूक आज्याची. त्यानं एकदा
नळीत चिखल असताना बार काढला,
तोंड फाटलं केळफुलासारखं.
फाटकं तेवढं करवतीनं कापून टाकलं, झालं.
साठ वर्षं कुणी मोजलं नाही.
यंदा लायसन्सच्या वेळी फौजदारानं
नळीत काठी सोडली तळापर्यंत,
तोंडाशी नखानं खूण केली,
काठी काढून टेपला लावली:
बोटभर कमी.

"बोटभरानं काय होतंय हो?
डुकरावर झाडून बारा वर्सं झाली.
माकडं पळवायला हवेत एक, तीबी दिवाळीत."

आप्पा म्हणाले, तुकडा जोडता येतो तोंडाला.
पण आट्यांवर फिरवून बसवलेला धरत नाहीत.
सुटू शकतं ते लांबीत येत नाही, भैरूमामा.
कायमचं लागलं पाहिजे.

मी रजिस्टर लिहीत होते. पेन थांबलं.
शहापुरातल्या भाड्याच्या खोलीत आम्हाला एकतीस वर्षं,
दूधवाला अजून "गडहिंग्लजकर" अशीच हाक मारतो.
आणि मी, चंदगडला दिलेली,
अकरा महिन्यांत ट्रंकेसकट परत.
मला देताना कुणी पिळून बघितलं नव्हतं
सांधा धरतोय का.

आधी साहेबांचा कागद, मग काम.
सतरा दिवसांनी कागद आला, कानडीत.
शेजारच्या फौंड्रीतला मल्लिकार्जुन वाचायला बसला,
एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, हे तुमचंच की,
शाश्वतवागि.
कीर्तनात आत्म्याला लावतात तो शब्द
इथं दीड इंच लोखंडाला.
आप्पा हसले. मग काच खाली ओढली तोंडावर.

खिळा आत बुडाला, त्यावर वितळलं लोखंड चढलं,
कुत्री उठून बाहेर गेली.
दुपारभर कानस. मी दिवा धरलेला,
हात बदलत, एकदा या काखेतून, एकदा त्या.
चार वाजता सांधा डोळ्याला दिसेना.
नख फिरवलं की मात्र लागायचा,
ओठावरच्या जुन्या टाक्यासारखा.
"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले, "एवढं कळू दे कुणालातरी."

ठाण्यात हवालदारानं दोन्ही हातांनी पिळलं,
मनगटातलं कडं नळीवर वाजेपर्यंत.
"बिच्चतैति एनु?"
"इल्ल, साहेब," मी म्हटलं, इतकी कानडी येते मला.
काठी सोडली, नख, टेप.
उलट गव्हाभर जास्त भरलं.
ते गव्हाभर आप्पांनी मुद्दाम सोडलेलं,
मोजणाऱ्याचा हात कसा असंल सांगता येतंय का?

भैरूमामांनी बंदूक पोत्यात घातली, परत काढली,
तोंडाशी बोट नेलं, मागं घेतलं.
"नवं नाक आल्यागत दिसूलालीय.
आज्यानं वळखली नसती."
पैसे दिले, वर एक कापा फणस,
आणि शेवटच्या बससाठी पळाले,
आत्ता पूर्ण लांबीची असलेली ती
खांद्यावर घेऊन.

घरी मोजायला आप्पांनी तासलेली काठी
शेडच्या कोपऱ्यात राहिली, खुणेसकट.
आई तिनं जळमटं काढते.
छपराला पुरत नाही,
बोटभर कमी पडते,
मग स्टुलावर चढते.